मनकर्णाबाईचा झेंडूचा धागा

तुमच्या गावच्या शंकरपटात पंच कुठं बसतो, हे तुम्ही कधी डोळे उघडून पाहिलं आहे काय?

शर्यतीत धावणाऱ्या बैलजोड्या पाहिल्या असतील. धुरकरी पाहिला असेल, छकडीवर एका पायावर तोल धरून उभा, शेपट्या पिळतो आहे, तोंडानं हुर्र हुर्र करतो आहे. धूळ खाल्ली असेल, भजी खाल्ली असतील. निकाल लागला की टोपी उडवली असेल, नाहीतर शेजाऱ्याची गचांडी धरली असेल. पण ज्याच्या एका शब्दावर हे सगळं होतं तो माणूस कुठं बसून ते पाहतो, हे विचारायची बुद्धी मलाही कधी झाली नव्हती. झाली ती एका माळणीला. ती माळीण गेल्या उन्हाळ्यात वारली, आणि यंदा तिच्याच पटात पंचाची गादी पुन्हा कडुलिंबाखाली नेऊन टाकली आहे. म्हणून हे लिहितो. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कापसाच्या गासड्यांवरच्या खुणा वाचत वाचत अक्षरं शिकलो, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्यांनी आधी पटातल्या चुका काढाव्यात.

तिचं नाव मनकर्णाबाई. नांदगाव पेठेच्या वाटेवर तिचा मळा. दोन एकरांत वांगी, मेथी, कोहळे, आणि बांधाबांधानं झेंडू. नवरा पटकीच्या साथीत गेला. मागे उरला दीर, चंद्रभान. बोलायला कमी आणि कामाला वाघ. आणि उरली बैलांची जोडी, मोरा आणि चांद्या. मळा म्हणजे विहीर, विहीर म्हणजे मोट, आणि मोट म्हणजे ही जोडी. बैल उतारावरून धावत खाली गेले की चामड्याची मोट भरून वर येते, पाणी पाटात पडतं, मग तेच बैल पाठीमागं पाठीमागं चढत पुन्हा जागेवर येतात. दिवसातून शंभरदा. जोडी गेली तर पाणी गेलं, पाणी गेलं तर मळा गेला. एवढं साधं गणित होतं.

बाईचं काम पाहण्यासारखं. वाफा आखायचा झाला की ती दोन खुंट्यांना सुतळी ताणायची आणि सुतळीच्या टोकाशी मातीत गाल टेकवून एक डोळा मिटायची. मी तिकडचा कापूस गाड्यांत भरून अमरावतीवरून अकोल्याला न्यायचो, वाटेत तिच्या विहिरीवर बैलांना पाणी पाजायला थांबायचो. एकदा मी उभ्या उभ्या म्हणालो, "बाई, तुमची ओळ वाकडी झाली."

"तू कोठी उभा हायेस?"

"इथं. बांधावर."

"मंग तूच वाकडा उभा हायेस. सुतळीवर ये, अन् मंग बोल."

मी सुतळीवर गेलो. ओळ सरळ होती. तेव्हा मी हसलो. हीच गोष्ट पुढं आख्ख्या पटाला ऐकावी लागेल, असं कोणाच्या ध्यानीमनी होतं!

ते साल शके सतराशे पंच्याऐंशी. तिकडं अमेरिकेत आपसात लढाई पेटलेली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडं वऱ्हाडात कापसाला असा भाव आला की माणसांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. ज्यांनी आयुष्यात चामड्याचा जोडा घातला नाही त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. त्यांतले पहिले खुशालराव पाटील. चांदूर बाजाराच्या अलीकडं त्यांचं गाव, आणि माघातला तिथला शंकरपट त्यांच्याच नावावर चाले. मंडप त्यांचा, बक्षीस त्यांचं, जेवणावळ त्यांची. आणि पटात पळणारी सगळ्यात नावाजलेली जोडीही त्यांचीच. खेळ भरवणारा तोच, खेळणारा तोच, आणि पंचाला पान देणारा तोच. आम्ही सगळे त्याला मोठेपणा म्हणायचो. असे आम्ही बावळट.

पटाच्या आठ दिवस आधी चांदूरच्या बाजारात पाटलांची नजर मोरा-चांद्यावर पडली. बाई भाजी विकत बसली होती, बैल मागे सोडलेले. पाटलांनी मोराच्या पाठीवरून हात फिरवला.

"माळीणबाई, जोडी देता का? बोला, काय पाहिजे ते बोला."

"मले काई नाई पायजे जी. मले पानी पायजे, अन् ते हेच काढतात."

"अवो, दुसरी घ्या. चार जोड्या घ्या."

"चार जोड्या तुमीच घ्या. वांगी घेता का? ताजी हायेत."

बाजार हसला. पाटलांना बाजारानं हसलेलं सोसेना. ते म्हणाले, "मोटेचे बैल ते. निम्मा जन्म उलटं चालण्यात गेला त्यांचा. पटात उतरवले तर मागच्या मागं घरी येतील!"

आता बाई गप्प बसली असती तर हा कागद कोरा राहिला असता. पण तिचा स्वभाव माझ्यासारखा, म्हणजे वाईट. ती पाटीमागून उठली, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "पाटील, उलटे चालनारे बैल सरळ कसे पयतात ते पायचं हाये का? लावा. जोडीस जोडी."

जोडीस जोडी म्हणजे हरणाऱ्यानं आपली बैलजोडी दोरासकट जिंकणाऱ्याच्या हाती द्यायची. पट्टीच्या माणसांत चालायची ही शर्त. बाईमाणसानं लावलेली कोणी ऐकली नव्हती. चंद्रभाननं कपाळावर हात मारला. मीही मारला. पाटलांनी मात्र सगळ्यांदेखत टाळी दिली.

पटाच्या दिवशी मी गाड्या सोडून तिथं गेलो. माणूस मावत नव्हता. पटाची रचना सांगतो, ती ध्यानात ठेवा, कारण सगळं भांडण तिच्यातच आहे. शेजारी शेजारी दोन चाकोऱ्या, एकेका जोडीला एकेक. शेवटी आडवी राखेची रेघ. रेघेच्या पलीकडच्या टोकाला एक उंच काठी, तिला फडकं बांधलेलं. मंडप मात्र रेघेवर नव्हता. रेघेच्या वीस पावलं अलीकडं, बैल जिकडून येतात त्या बाजूला, कडुलिंबाखाली होता. कारण सावली तिथं होती. त्या सावलीत गादी, गादीवर खुशालराव, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून पंच नत्थुजी.

नत्थुजी चोर नव्हता, हे मी छातीठोक सांगतो. तीस वर्षं पंच. दिलेल्या शब्दाला जागणारा म्हातारा. त्याच्या पानात खुशालरावांचा कात असे, पण तोंडात त्यांचा शब्द नसे. राखेची रेघ पहिल्या दहा जोड्यांच्या खुरांखालीच पुसून जायची. मग नत्थुजी गादीवरून समोरच्या काठीवर नजर लावायचा, आणि जी जोडी आधी काठीच्या आड येईल ती जिंकली म्हणायचा. आणि पटाचा यजमान म्हणून खुशालरावांची जोडी दर वर्षी मंडपाकडच्या चाकोरीतून पळायची. मानाची चाकोरी ती!

मोरा-चांद्याला पलीकडची चाकोरी मिळाली. चंद्रभानच्या हातात बैलाला टोचायची पराणी नव्हती. तो मोटेवर गातो तेच गाणं त्यानं तोंडात धरलं. झेंडी पडली आणि दोन्ही जोड्या सुटल्या. काय सांगू, मोटेचा उतार धावत धावत ज्यांचे पाय घडले ते बैल! निम्म्या वाटेवर मागं, मग बरोबर, मग शिंगाला शिंग. तशीच त्यांनी रेघ ओलांडली.

मंडपातून नत्थुजीचा हात वर गेला. "पाटलाची जोडी!"

मंडप नाचायला लागला. पाटलांचा गडी दोर घेऊन मोरा-चांद्याकडं निघाला. आणि पाहतो तर पुसलेल्या रेघेवर, दोन्ही चाकोऱ्यांच्या मधोमध, मनकर्णाबाई मांडी घालून बसलेली. धाव सुरू होण्याआधीपासून ती रेघेच्या टोकाशी उभी होती, हे मी पाहिलं होतं. आता बसली होती.

"बाई, उठा," गडी म्हणाला. "दुसरी जोडी येऊन राह्यली."

"येऊ दे. आंगावरून जाऊ दे."

खुशालराव मंडपातून ओरडले, "हरल्यावर रडनं चालत नाई, माळीणबाई! शर्त तुमीच लावली."

"रडून कोन राह्यलं? शर्त देतो मी. पन हरली कोठी ते दाखवा. मी रेघेवर उभी होती. रेघेवरून मले काई हरल्यासारखं नाई दिसलं."

"आता बाई पंच झाली!" कोणीतरी खिदळलं.

"मी पंच नाई. म्हून तर म्हनून राह्यली, जो पंच हाये त्यानं माया जागी यावं."

हशा थांबला. नत्थुजी गादीवर ताठ झाला. "मनकर्णे, तीस वर्स झाले मले. माये डोये खोटे हायेत म्हनतेस?"

बाई उठली, दोन्ही हात जोडले. "डोये नाई जी खोटे. बैठक खोटी हाये."

खुशालराव उसळले. "पंच खाली उतरला की पंच राहत नाई! नत्थुजी, बसा. कोनी उतरनार नाई."

इथं माझं डोकं फिरलं. मी दोन शिव्या हासडल्या, त्या इथं लिहीत नाही. बाईनं माझ्याकडं पाहिलं सुद्धा नाही. ती तिच्या गाडीकडं गेली आणि जत्रेत विकायला आणलेले दोन कोहळे काखेत मारून परत आली.

"नको उतरू जी," ती नत्थुजीला म्हणाली. "बस तठीच. फक्त तोंड फिरव. मी म्हनीन तवा पाय, अन् सांग कोन्ता कोहळा पुढं हाये. एवढं तर करशीन?"

एवढ्याला नाही म्हणायला म्हातारा भित्रा नव्हता. त्यानं तोंड फिरवलं. बाईनं एक कोहळा पलीकडच्या चाकोरीत बरोबर रेघेवर ठेवला. दुसरा मंडपाकडच्या चाकोरीत ठेवला, पण तीन पावलं मागं मोजून. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मोठ्यानं मोजली, "एक, दोन, तीन." रेघेजवळच्या लोकांनी माना डोलवल्या.

"पाय आता."

नत्थुजी वळला. काठीवर नजर लावली. क्षणभरही न थांबता म्हणाला, "मंडपाकडचा पुढं हाये."

तुम्ही तिथं असायला पाहिजे होतं. रेघेवरची माणसं अशी हसली की बैल बुजले. मंडपातली माणसं हसेनात, कारण मागून तिरकं पाहताना त्यांनाही मंडपाकडचाच कोहळा पुढं दिसत होता! "अरे, पुढंच तर हाये, हसता कावून?" असं एक जण विचारत राहिला, आणि त्या विचारण्यानं लोक आणखी लोळले.

नत्थुजी हसला नाही. तो गादीवरून उठला, जोडे न घालता तापल्या धुळीत उतरला आणि वीस पावलं चालत रेघेवर आला. एका कोहळ्याकडं पाहिलं. दुसऱ्याकडं पाहिलं. मग वाकून मधलं अंतर स्वतःच्या पावलांनी मोजलं. म्हातारा सरळ झाला. मग म्हणाला, "तीस वर्स."

एवढंच. मग मंडपाकडं वळून मोठ्यानं, "निकाल मी मागं घेतो. कोन जिंकलं मले ठाऊक नाई. धाव पुन्हा होईन."

पंचानं निकाल मागं घेतल्याचं वऱ्हाडात त्याआधी मी ऐकलं नव्हतं. आणि एकदा हे दार उघडल्यावर लोक काय थांबतात! इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. एक जण ओरडला, "चाकोरी पाटलानं निवडायची नाई, उचलून ठरवा!" दुसरा, "पराणीचं टोक कापा, बैलाच्या रक्तावर जिंकता काय!" तिसरा, "पंचाचं जेवन त्या दिशी गाव देईन, पाटलाच्या पंगतीत नको!" एक चौथा, गेल्या साली हरलेला, म्हणायला लागला की गेल्या सालची धाव पण पुन्हा घ्या, त्याला लोकांनी बसवलं. आणि बायांच्या गर्दीतून एक म्हातारी केकाटली, "अन् आमाले सावली द्या बाप्पा, त्या कडुलिंबाखाली आता जागा झाली ना!"

खुशालराव लाल झाले होते, पण माणूस मूर्ख नव्हता. एवढ्या गर्दीपुढं नाही म्हटलं तर पट मोडेल, हे त्यांना कळत होतं. "घ्या पुन्हा," ते म्हणाले. "पन नत्थुजी रेघेवर एकटा किती पायनार? धुरळ्यात शिंग कोनाचं अन् नाक कोनाचं कळते का?"

"नाई कळत," बाई म्हणाली. "धागा लावा."

तिनं गाडीतून कच्च्या सुताचा धागा काढला, हारासाठी आणलेला. त्यात झेंडू ओवले, विरळ विरळ, दिसण्यापुरते. दोन्ही चाकोऱ्यांवरून आडवा, बैलाच्या छातीइतक्या उंचीवर. खुंटीला बांधला तर बैलाला कापेल, म्हणून दोन टोकं दोन माणसांनी नुसत्या चिमटीत धरायची. जी जोडी आधी येईल ती छातीवर धागा घेऊन जाईल, दुसरीच्या वाटेत काही उरणारच नाही. एक टोक नत्थुजीनं घेतलं. दुसरं कोणी घ्यायचं यावर पुन्हा वाद. शेवटी पाटीलच म्हणाले, "तो अकोल्याचा गाडीवान. शिव्या देते, पन या गावचा नाई, कोनाचा सोयरा नाई." असा मी आलो.

चाकोरी उचलून ठरली. नत्थुजीनं दोन मुठींत दोन फुलं धरली, एक लहान, एक मोठं, एकेका चाकोरीचं एकेक, आणि चंद्रभाननं एक मूठ उघडली. आणि नशिबाची थट्टा पाहा, इतकी वर्षं जी चाकोरी जिंकत आली, ती मंडपाकडची, आता मोरा-चांद्याला मिळाली.

झेंडी पडली. मी धागा चिमटीत धरून उभा. जमीन पायाखाली थरथरायला लागली. दोन्ही जोड्या अंगावर येत होत्या, चंद्रभानचं मोटेचं गाणं ऐकू येत होतं. धूळ, शिंगं, फेस. आणि माझ्या बोटांतून धागा सुटला.

मला तो कुठल्या बाजूला ओढला गेला ते कळलं. बोटांना कळलं. पलीकडं, पाटलांच्या चाकोरीत.

पण मंडपात काय झालं ऐका. मंडपातल्या यच्चयावत माणसांनी मोरा-चांद्याला जिंकताना पाहिलं होतं! "बाई जिंकली! बाई जिंकली!" टोप्या उडाल्या. लोक आधीच बाईला फितूर झाले होते, आता डोळेही फितूर झाले. आणि खुद्द खुशालराव? त्यांनी डोक्याचा पटका काढून गादीवर आपटला होता आणि खाली मान घालून बसले होते. त्यांनीही तेच पाहिलं होतं. त्यांच्या जागेवरून दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं.

जोड्या धुळीत पार पुढं गेलेल्या. कोणाच्या छातीवर फुलं आहेत ते इथून दिसत नव्हतं. नत्थुजी माझ्याकडं पाहत होता. त्यालाही कळलं होतं. मी त्याच्याजवळ सरकलो आणि खालच्या आवाजात म्हणालो. हे मी लिहितो, कारण लपवलं तर बाकीचं लिहायचा मला हक्क नाही. मी म्हणालो, "नत्थुजी, सारा मंडप बाईचं नाव घेऊन राह्यला. पाटील सुद्धा हरला म्हनते. तुमी गप राहा, मी धाग्याचं पाहतो. फुलं काय, धुरळ्यात गळाली म्हनू."

मनकर्णाबाई माझ्या मागंच उभी होती. तिनं माझा दंड धरला. नखं रुतली.

"तोंड सांभाळ, गाडीवाल्या. नेम म्या मागतला. तो पाटलाले लागू, अन् मले नाई?"

"पन बाई, मळा..."

"मळा माया हाये. मी पायतो त्याचं."

आणि ती चालत मंडपासमोर गेली. ओरडणारी माणसं गप्प व्हायला वेळ लागला. "पाटील," ती म्हणाली, "पटका बांधा. तुमी जिंकले."

खुशालरावांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं बाई टोमणा मारते आहे. "कावून चिडवता? दिसलं ना आमाले."

"तुमाले दिसलं. बैलाले इचारा."

तोवर पाटलाचा धुरकरी जोडी वळवून परत येत होता. चांदीच्या शेंब्यांची शिंगं, आणि छातीवर, जुवाला अडकून लोंबणारे पिवळे झेंडू. नत्थुजीनं हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाटलाची जोडी. या खेपेले म्या पायलं."

बाईनं मोरा-चांद्याचा दोर चंद्रभानच्या हातून घेतला. मोराच्या कपाळावरची धूळ पदरानं पुसली आणि दोर पाटलांच्या हातात दिला. खुशालराव काहीतरी पुटपुटले. पण दोर घेतला. शर्त म्हणजे शर्त, आणि तो घेतला म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. ठेवावीशी फार वाटतात.

पहिल्या धावेत कोण जिंकलं होतं? मला आजही ठाऊक नाही. बाईलाही ठाऊक नव्हतं. मी तिला पुढं एकदा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "रेघ पुसली होती रे. मलेबी कोठी दिसलं बरोबर?" म्हणजे जिंकल्याची खात्री नसतानाही ती धुळीत बसली होती. बरोबर पाहिलं जावं, एवढ्यासाठी.

त्या उन्हाळ्यात मोट माणसांनी ओढली. बाई, चंद्रभान, आणि आळीपाळीनं शेजारच्या मळ्यांतले दोघं-तिघं. मी जाता-येता ओढली. माणसं उतार धावत गेली तर मोट निम्मीच भरून येते. वांगी जळाली, मेथी गेली. झेंडू मात्र तिनं जगवला, हट्टानं. चैत्रात पाटलांचा गडी मोरा-चांद्याला घेऊन दारात आला. पाटलांनी निरोप दिला होता, बाईचे हाल पाहवत नाहीत, जोडी परत न्यावी. चंद्रभानचा हात दोराकडं गेलाच होता.

"थांब," बाई म्हणाली. तिनं बैलांना पाणी पाजलं, पेंड चारली आणि गड्याला सांगितलं, "पाटलाले म्हना, दया नको. माघात जिंकून नेईन."

तो माघ गेला. जोडी नव्हती. त्याच्या पुढच्या माघात ती दोन गोऱ्हे घेऊन आली, स्वतः वाढवलेले, अजून नीट माणसाळलेही नव्हते. तोवर अमेरिकेतली लढाई संपली होती, कापूस मातीमोल झाला होता आणि पाटलांच्या बैलांच्या शिंगांवर शेंब्या राहिल्या नव्हत्या. पण त्यांनी मंडप घातला होता. आणि कुठं घातला होता? बरोबर रेघेवर, भर उन्हात! कडुलिंबाखाली बाया बसल्या होत्या. नत्थुजीला मंडपात गादी दिली होती, तो काही बसला नाही, धाग्याचं टोक धरून उभा राहिला. जोडीस जोडी लागली, पाटलांकडून मोरा-चांद्या पणाला, आणि गोऱ्ह्यांच्या छातीवर झेंडू आले. मंडपातून खुशालरावच सगळ्यांच्या आधी ओरडले, "माळणीची जोडी!" या वेळी त्यांना दिसलं होतं.

मोरा-चांद्या मळ्यात परतले. कोणी हाकलंही नाही, विहिरीच्या उतारावर जाऊन मोटेच्या जागेवर आपसूक मागं मागं सरकत उभे राहिले. बाई त्या दिवशी रडली म्हणतात. मी पाहिलं नाही, म्हणून सांगत नाही.

पुढं वीस-बावीस वर्षं तो धागा चालला. नत्थुजी गेला, खुशालराव गेले, गेल्या उन्हाळ्यात बाई गेली. आणि यंदा नवे पाटील म्हणतात, धागा म्हणजे एका माळणीचं खूळ, पंचाला उन्हात उभं करणं बरं दिसत नाही. गादी पुन्हा कडुलिंबाखाली. पटाच्या यजमानाला पुन्हा मानाची चाकोरी. मी भांडलो. मला म्हणाले, तू कोण? अकोल्याचा गाडीवान!

हो, गाडीवान. याच बोटांतून धागा सुटलेला आहे, आणि तो कुठं गेला हे दडपायची अवदसा याच तोंडाला आठवली होती. म्हणून मी गप्प बसणार नाही. येत्या माघात मी कच्चं सूत आणि बाईच्या बांधावरचे झेंडू घेऊन त्या रेघेवर उभा राहणार आहे. पट थांबवतील, थांबवोत. अंगावरून बैल घालतील, घालोत.

पण धाग्याला टोकं दोन असतात. एक मी धरतो. माघात या, आणि दुसरं तुम्ही धरा.